बैठक कोणाची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात, घोड नदीच्या उजव्या काठावर इनामगाव आहे. गावालगतच्या पांढरीच्या टेकाडांत पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, झै. दा. अन्सारी आणि म. के. ढवळीकर या पुरातत्त्वज्ञांची नावे या कामाशी कायमची जोडली गेली आहेत. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या नऊशे वर्षांत येथे शेतकऱ्यांची वस्ती होती. ते सातू पिकवीत, गुरे पाळीत, तांब्याची आणि दगडाची हत्यारे वापरीत. शंभराहून अधिक घरे आणि दोनशेहून अधिक दफने येथे उघडकीस आली. महाराष्ट्रातील आद्य शेतकरी कसा जगत होता आणि कसा मरत होता याची इतकी सविस्तर नोंद क्वचितच दुसऱ्या कोणत्या गावाने ठेवली असेल.

या वस्तीत माणसे मृतांना घरातच, जमिनीखाली पुरीत. लहान मूल दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून, ठेवले जाई. प्रौढ माणसाला बहुधा उत्तरेकडे डोके करून उताणे निजवीत आणि त्याचे पाय घोट्याखाली तोडून टाकीत. गेलेल्याने परत उठून चालू लागू नये, ही भीती त्यामागे असावी असे अभ्यासक मानतात. परंतु वस्तीच्या मध्यभागी एक पाच खोल्यांचे घर सापडले. तेथील मोठ्या घरांपैकी ते एक. त्याला लागून धान्याचे कोठार होते. त्या घराच्या अंगणात चार पायांचा एक मोठा मातीचा रांजण होता आणि त्यात एक पुरुष मांडी घालून बसविलेला होता. इतर प्रौढ बहुधा निजलेले, हा बसलेला. कुंभार, सोनार, चुना भाजणारा अशा कारागिरांची घरे मात्र वस्तीच्या पश्चिम कडेला होती.

तीन हजार वर्षांपूर्वीच्या या वस्तीत आजच्यासारखी जातिव्यवस्था होती, असा निष्कर्ष यावरून काढणे अशास्त्रीय ठरेल. रांजणातला तो पुरुष वस्तीचा प्रमुख असावा, हेही एक अनुमानच आहे. पण दोन गोष्टी मातीनेच सांगितल्या आहेत. एक म्हणजे कोणी कोठे राहायचे आणि कोणी कसे बसायचे, याची काही व्यवस्था तेव्हाही होती. दुसरी म्हणजे मानाची ती जागा धान्याच्या कोठाराच्या शेजारी होती. पुढे इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास परिस्थिती पालटली. मोठी चौकोनी घरे जाऊन त्या जागी लहान गोल झोपड्या आल्या आणि अखेर वस्तीच उठली. अन्नाच्या व्यवस्थेबरोबर घरांचा आकार बदलला. माणसाची पायरी आकाशातून ठरून येत नाही, याचा यापेक्षा जुना पुरावा शोधण्याची गरज नाही.

माणूस स्वतःला काय समजतो आणि चारचौघांत स्वतःला कसा मांडतो, हा या व्याख्यानाचा विषय आहे. तो मानसशास्त्राचा विषय मानला जातो आणि म्हणून चळवळीच्या अभ्यासवर्गात सहसा येत नाही. तेथे उत्पादनाची साधने, वेतन आणि सत्ता यांचा विचार होतो. तो व्हायलाच हवा. परंतु ज्या माणसासाठी हा सारा विचार करायचा, तो माणूस बैठकीला आल्यावर कोठे बसतो, त्याची ओळख कोण कशी करून देतो आणि त्याला बोलण्याची पाळी कधी मिळते, हे प्रश्न त्याच विचाराचा भाग आहेत.

कॅनडात जन्मलेले समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९५६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात माणसाच्या रोजच्या वागण्याला नाटकाची उपमा दिली. चारचौघांत माणूस रंगमंचावर असतो. वेश, बोलणे, हावभाव यांनी तो स्वतःची एक प्रतिमा उभी करतो आणि पडद्यामागे गेला की सैलावतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. उपमा मार्मिक आहे. तथापि महाराष्ट्रातील गावाला ती लावताना एक प्रश्न विचारावा लागतो. भूमिका वाटून देणारा कोण? तमाशाच्या वगात राजा झालेला कलावंत रात्रभर सिंहासनावर बसे आणि सकाळी त्याच गावात त्याला देवळाच्या पायरीखाली उभे राहावे लागे. रात्रीची भूमिका त्याने कमावलेली होती. सकाळची त्याच्यावर लादलेली होती, आणि ती उतरवून ठेवायला त्याला पडदाच नव्हता.

जुन्या गावगाड्यात माणसाला ‘तू कोण?’ असे कोणी विचारीत नसे. ‘तू कोणाचा?’ असे विचारीत. त्र्यं. ना. आत्रे यांनी १९१५ साली ‘गाव-गाडा’ लिहून वतनदार, बलुतेदार आणि अलुतेदार यांच्या त्या रचनेचे बारकाईने वर्णन केले. त्या रचनेत प्रत्येकाचे काम ठरलेले होते, कामाबरोबर हक्क ठरलेला होता आणि हक्काबरोबर शरीराची ठेवणही ठरलेली होती. चावडीवर पाटील लोडाला टेकून बसे, कुळवाडी कडेने बसे, बलुतेदार उभा राही आणि महार अंगणात, आपली सावली कोणावर पडणार नाही अशा बेताने थांबे. बरोबरीचा माणूस ‘रामराम’ म्हणे. महाराने ‘जोहार मायबाप’ म्हणायचे. एका शब्दात दोघांची पायरी निश्चित होई. अशा नमस्कारात जन्मभर वाकलेल्या माणसाचा कणा पुढे वाकायला कोणी न सांगता वाकतो. ही गुलामी त्याच्या अंगात मुरते आणि तो तिलाच आपला स्वभाव समजू लागतो.

या रचनेचा आर्थिक पाया म्हणजे इनाम आणि वतन. इनामगावच्या नावातच तो शब्द आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, तेव्हा त्यांच्यासमोर हेच होते. महार वतनाच्या जमिनीच्या तुकड्याने आणि घरोघरच्या भाकरीच्या हक्काने माणूस सरकारचा आणि सबंध गावाचा चाकर बनतो. त्या तुकड्यापायी तो गाव सोडीत नाही आणि मानही वर करीत नाही. स्वातंत्र्यानंतर १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली आणि १९६२ च्या कायद्याने वंशपरंपरागत मुलकी पाटीलकी संपली. कागदावर तरी गावगाड्याची चाके निखळली.

परंतु केवळ कायद्याने भागले असते, तर १९७० नंतरच्या दशकात डॉ. बाबा आढावांना ‘एक गाव एक पाणवठा’ म्हणत गावोगाव हिंडावे लागले नसते. वतन जाऊन दशक उलटले होते. अस्पृश्यता पाळणे हा घटनेप्रमाणे गुन्हा ठरला होता. तरीही विहिरीवर कोण वाकून पाणी शेंदणार आणि कोण ओंजळ पुढे करून थांबणार, हे जुन्या वहिवाटीनेच चालू होते. ज्यांनी वतन गमावले त्यांच्या हाती जमीन राहिली होती आणि ज्यांनी चाकरी सोडली त्यांना रोजगारासाठी त्याच जमिनीवर जावे लागत होते. म्हणून नमस्काराचा शब्द बदलला तरी नमस्काराची दिशा बदलली नाही.

याचा अर्थ शब्द, वेश आणि वागणे यांना महत्त्व नाही असा नव्हे. महाराष्ट्रातील समतेच्या चळवळीचा इतिहास उलटेच सांगतो. मार्च १८८८ मध्ये ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ पुण्यात मेजवानी झाली. निमंत्रित प्रतिष्ठित मंडळी भरजरी पोशाखात आणि हिऱ्यामाणकांनी नटून आली होती. जोतीराव फुले मात्र शेतकऱ्याच्या वेशात गेले, आणि या दागदागिन्यांवरून हिंदुस्थानची पारख करू नका, खेड्यात जाऊन पाहा, असे त्यांनी राणीच्या त्या मुलाला ऐकविले. जोतीराव स्वतः बांधकामाची कंत्राटे घेणारे गृहस्थ होते. चांगला पोशाख त्यांना परवडत नव्हता असे नाही. त्या सभेत जो उपस्थित नव्हता आणि ज्याच्या श्रमावर ती मेजवानी उभी होती, त्याला त्यांनी आपल्या अंगावरून सभेत आणले.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांशी जे भाषण केले, त्याची दिशा वरवर पाहता याच्या उलट होती. लुगडे वरिष्ठ म्हणविणाऱ्या जातींतील स्त्रियांप्रमाणे नेसा, जातीची खूण सांगणारे चांदीचे जड दागिने टाका, स्वच्छ राहा, असे त्यांनी सांगितले. फुल्यांनी श्रीमंतांच्या सभेत गरिबाचा वेश घातला, तर बाबासाहेबांनी दलित स्त्रीला तिच्यावर लादलेला वेश टाकायला सांगितले. दोन्हींमागचे तत्त्व एकच. माणसाने कसे दिसावे, हे दुसऱ्याने ठरवायचे नाही. पुढे ‘जोहार’ची जागा ‘जय भीम’ने घेतली, तेव्हा तो केवळ नवा नमस्कार नव्हता. या शब्दाचा उच्चार करताना मान वर ठेवावी लागते.

आता दुसऱ्या बाजूचा अनुभवही तपासला पाहिजे. दरवर्षी तुकोबांची पालखी यवत, वरवंडमार्गे दौंड तालुक्यातून पुढे जाते. वाटेवर लहानथोर एकमेकांच्या पायांना हात लावतात, प्रत्येक जण दुसऱ्याला ‘माऊली’ म्हणतो. इतकी समतेची भाषा आणि इतके समतेचे वर्तन जगातील फार थोड्या लोकपरंपरांत आढळेल. परंतु याच वाटेने शतकानुशतके पंढरीला गेलेल्या अस्पृश्य वारकऱ्याला विठ्ठलाच्या देवळात प्रवेश नव्हता. साने गुरुजींनी गावोगाव दौरा करून मे १९४७ मध्ये पंढरपुरात दहा दिवस उपोषण केले, तेव्हा ते दार उघडण्याचा मार्ग मोकळा झाला. वाटेवरची समता खोटी होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. ती खरी होती, पण वाटेपुरती होती. दाराशी येताच जुनी ओळख परत येई. समतेचा अनुभव वर्षातून काही दिवस घेता येतो आणि उरलेले दिवस विषमता तशीच पाळता येते, हा धडा केवळ वारकऱ्यांसाठी नाही. वर्षातून एकदा शिबिर घेणाऱ्या प्रत्येक पक्षासाठी तो आहे.

आज हा प्रश्न कोणत्या रूपात उभा आहे? ऊसपट्ट्याकडे पाहावे. हंगाम सुरू झाला की बीड, अहिल्यानगर आणि इतर दुष्काळी भागांतून तोडणी मजुरांच्या टोळ्या येतात. मुकादमाच्या हिशेबात नवरा आणि बायको मिळून ‘एक कोयता’ होतो. उचल कोयत्याला मिळते, तोडीचा दर टनावर आणि तोही कोयत्याला. स्त्री पहाटे उठते, भाकरी थापते, फडात ऊस तोडते, मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढविते. पण तिचे स्वतंत्र नाव हिशेबात नाही आणि स्वतंत्र मजुरी हातात नाही. ‘तू काय करतेस?’ असे विचारले तर ‘मालकाबरोबर येते’ असे ती सांगते. हे उत्तर तिच्या अज्ञानाचे नव्हे; तिच्या श्रमाचा हिशेब जसा मांडला गेला तसे तिने स्वतःला मांडले. तिला भाषणाने आत्मसन्मान शिकविण्यापूर्वी हिशेबाच्या वहीत तिचे नाव आले पाहिजे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव लावण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला. निर्णय स्वागतार्ह आहे. मुलाच्या दाखल्यावर आलेले हे नाव सातबाऱ्यावर आणि मजुरीच्या पावतीवर केव्हा येणार, हा पुढचा प्रश्न आहे.

ग्रामपंचायतीचेही असेच. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने स्त्रियांसाठी राखीव जागा आल्या आणि महाराष्ट्राने २०११ साली त्या निम्म्यावर नेल्या. अनेक गावांत स्त्री निवडून आली आणि खुर्चीवर तिचा नवरा बसला. त्याला लोकांनी ‘सरपंचपती’ असे नावही दिले. सही तिची, बैठक त्याची. परंतु दुसरीही गोष्ट तितकीच खरी आहे. जेथे बचत गटाच्या, संघटनेच्या किंवा अंगणवाडीच्या कामातून आलेल्या पाचसहा स्त्रिया एकदम पंचायतीत गेल्या, तेथे खुर्चीत बसणे त्यांना तितके जड गेले नाही. एकट्या माणसाला आपली ओळख बदलणे फार कठीण असते. शेजारी बसणारे कोणी असले की ते साधते.

पुण्याच्या हमालांनी हेच करून दाखविले. पाठीवर पोते वाहणारा माणूस पूर्वी अमक्या शेठचा माणूस म्हणून ओळखला जाई. काम मिळेल ते, दर मिळेल तो आणि म्हातारपणी काहीच नाही. हमाल पंचायतीसारख्या संघटना उभ्या राहिल्या, लढे झाले आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. नोंदणी आली, मंडळ आले, भविष्यनिर्वाह निधी आला. ज्या शब्दाने पूर्वी हिणवले जाई, तोच ‘हमाल’ शब्द त्याने आपल्या संस्थेच्या पाटीवर रंगवून लावला. आपली ओळख त्याने लपविली नाही, तिचा अर्थ बदलला. त्यासाठी त्याला तीन गोष्टी एकत्र लागल्या: पोटाचा हक्क, सोबत्यांची संघटना आणि ताठ मानेने स्वतःचे नाव घेण्याची सवय. यांतली कोणतीही एक सुटली असती तर उरलेल्या दोन टिकल्या नसत्या.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा अशा नावांऐवजी समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे यावीत, हा त्याचा आशय. या निर्णयाला हीच कसोटी लावावी. पाटी बदलली हे चांगलेच झाले. पत्ता सांगताना लहान मुलाची जीभ अडखळू नये, एवढ्यासाठीही ते आवश्यक होते. पण समतानगरला जाणारा रस्ता, तेथील नळाचे पाणी आणि पावसाळ्यात तेथे साचणारा चिखल जुनाच राहिला, तर उद्या ‘समतानगर’ हाच शब्द जातीचे नाव म्हणून वापरला जाईल. अशी उदाहरणे भाषेत पूर्वी घडली आहेत.

येथवरचा विचार गावाबद्दल झाला. आता तो कार्यकर्त्याकडे वळविला पाहिजे. नाहीतर हे व्याख्यानही वाटेपुरतेच राहील.

समाजवादी चळवळीत कार्यकर्त्याला ‘साथी’ म्हणण्याची रीत आहे. या शब्दात पद नाही, जात नाही, वडिलांचे नाव नाही. खादीचा सदरा आणि खांद्यावरची शबनम याच हेतूने आली. श्रीमंताने आणि गरिबाने एकसारखे दिसावे, हा त्यामागचा विचार. परंतु कोणताही वेश फार दिवस निरागस राहत नाही. साधेपणाचाही दिमाख होऊ शकतो. ज्याच्या घरी चार चांगले सदरे आहेत त्याने जाडाभरडा सदरा घालणे हा त्याचा निर्णय असतो; ज्याच्याकडे तो एकच आहे त्याच्यापुढे ते प्रदर्शनही ठरू शकते. शेतमजूर सभेला येताना धुतलेला, इस्त्री केलेला शर्ट घालून येतो, कारण सभेत त्याला मानाने बसायचे असते. त्या शर्टाकडे पाहून ‘हा बदलला’ असे म्हणणाऱ्या कार्यकर्त्याने महाडचे भाषण पुन्हा वाचावे.

याहून अवघड प्रश्न बैठकीचा आहे. सभा ठरली की सतरंजी कोण घालतो आणि सभा संपल्यावर ती कोण उचलतो? व्यासपीठावर कोण बसतो? चहा कोण करते? ठराव कोणाच्या भाषेत लिहिला जातो आणि तो वाचून दाखविल्यावर कोणाला समजला नाही, हे कोणी विचारतो काय? शिबिरातल्या चर्चेत दलित कार्यकर्त्याला केवळ दलितांच्या प्रश्नावर आणि स्त्री कार्यकर्तीला केवळ स्त्रियांच्या प्रश्नावर बोलायला सांगितले जाते; कापूस, वीज, परराष्ट्र धोरण यांवर बोलायला दुसरे कोणी असते. हा अपमान कोणी हेतुपूर्वक करीत नाही. म्हणूनच तो दिसत नाही. गावगाड्याने ज्याला त्याला नेमून दिलेली जागा अशा वेळी पक्षाच्या सतरंजीवर जशीच्या तशी उतरलेली असते.

यावर एक आक्षेप घेतला जाईल. महागाई, बेकारी, शेतीमालाचा भाव असे पहाडाएवढे प्रश्न समोर असताना कोण कोठे बसतो असल्या बारीकसारीक गोष्टींत चळवळीने वेळ का घालवावा? आक्षेप प्रामाणिक आहे, आणि नुसते वागणे सुधारून क्रांती होत नाही हेही खरे आहे. परंतु भावासाठी मोर्चा निघतो तेव्हा त्यात चालणारा माणूसच लागतो. कचेरीच्या दारात साहेबासमोर उभे राहून, जोहार न घालता, आपले म्हणणे मांडण्याची सवय त्याला कोठे लागणार? शाळेत ती लागत नाही, फडात लागत नाही, घरातही बहुधा लागत नाही. ती लागण्याची एक जागा म्हणजे चळवळीची बैठक. तीही त्याला कडेलाच बसवीत असेल, तर त्याच्याकडून धैर्याची अपेक्षा करण्याचा अधिकार चळवळीला नाही.

म्हणून या अभ्यासवर्गातून जाताना प्रत्येक शाखेने काही साध्या गोष्टी हाती घ्याव्यात. गावातील बैठक आलटून पालटून प्रत्येक वस्तीत व्हावी. पारावर किंवा देवळात होणारी बैठक कोणाला परकी वाटते, याची चौकशी आधी करावी. सतरंजी घालणे, चहा करणे आणि अध्यक्षस्थान स्वीकारणे ही तिन्ही कामे पाळीने सर्वांकडे यावीत. नव्या माणसाची ओळख त्याच्या वडिलांवरून, जातीवरून किंवा नवऱ्यावरून करून न देता त्याला स्वतःला करून देऊ द्यावी, आणि त्याने काय सांगितले ते इतिवृत्तात त्याच्याच शब्दांत लिहावे. तोडणीच्या हंगामात फडावर जाऊन प्रत्येक कोयत्यामागची दोन नावे स्वतंत्र लिहून घ्यावीत आणि त्या यादीच्या आधारे स्वतंत्र मजुरीची मागणी करावी. समतानगरच्या पाटीखाली उभे राहून तेथील पाण्याचा हिशेब मागावा.

इनामगावच्या त्या रांजणातल्या पुरुषाला कोणी तरी बसविले होते. स्वतःहून तो बसला नव्हता. त्याच्यासाठी रांजण घडविणारा कुंभार बहुधा वस्तीच्या कडेला राहत होता. त्या कुंभाराला बैठकीत कोठे बसविले जात असे, हे माती सांगत नाही. येत्या बैठकीत त्याचे वारस कोठे बसणार, हे मात्र प्रत्येक शाखेला ठरविता येईल.